हिमोग्लोबिन चारवर येऊनही माणूस उभा कसा राहतो? तीव्र रक्तक्षय आणि हृदय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करताना रक्ताचा रिपोर्ट हातात धरून लोक जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. अंगातलं रक्त हळूहळू कमी होत जातं तेव्हा हृदय आणि रक्तवाहिन्या इतकी बेमालूम भरपाई करतात की आजार महिनोन्महिने कळतच नाही. आणि ज्या दिवशी कळतो, त्या दिवशी हृदयाकडे शिल्लक फार थोडी उरलेली असते.

आईचं हिमोग्लोबिन ३.८ आलं. पण ती परवापर्यंत कामावर जात होती. रिपोर्ट चुकला असेल का?

हा प्रश्न मला एका मुलीने विचारला होता. आई पंचेचाळिशीची, कांद्याच्या खळ्यावर मजुरीला जाणारी. पायांवर सूज आली म्हणून दाखवायला आली होती. अंगात रक्त कमी असेल हे तिच्या मनातही नव्हतं. एसटीतून उतरून दवाखान्यापर्यंत चालत आली, वाटेत दोनदा ओट्यावर टेकली. पाळीत फार जातं का, असं विचारल्यावर म्हणाली, "जातं जरा जास्त, पण ते तीन वर्षं चालूच आहे."

रिपोर्ट बरोबर होता. हिशोब मांडला की कळतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरून ठेवतं. हिमोग्लोबिन १५ म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम, आणि अशा माणसाच्या एक लिटर रक्तात त्यामुळे जवळपास २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवतं, म्हणजे शरीराला मिनिटाला १००० मिलिलिटर पोहोचतो. स्वस्थ बसलेल्या माणसाची गरज असते २५० च्या आसपास. उरलेले तीन हिस्से तसेच परत येतात. निसर्गाने आपल्याला एवढी मोठी शिल्लक देऊन ठेवली आहे.

आता हिमोग्लोबिन ४ धरा. लिटरभर रक्तात जेमतेम ५४ मिलिलिटर ऑक्सिजन. हृदय पूर्वीसारखंच पाच लिटर फिरवत राहिलं तर मिनिटाला २७० मिलिलिटर पोहोचणार आणि गरज २५० ची. एवढा सगळाच्या सगळा ऑक्सिजन रक्तातून काढून घेणं कुठल्याच अवयवाला जमत नाही. पण हृदयाने मिनिटाला नऊ लिटर फिरवले तर ४८६ मिलिलिटर पोहोचतो, आणि त्यातला निम्मा काढून घेतला की भागतं. त्या माउलीच्या शरीरात नेमकं हेच चाललं होतं. बसल्या जागी तिचं हृदय दुप्पट कामाला लागलेलं होतं, रात्रंदिवस.

तीव्र रक्तक्षय नेमका कितीपासून म्हणायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की रक्तक्षय, आणि ८ च्या खाली गेलं की तो तीव्र. गरोदर बाई आणि पाच वर्षांखालचं मूल यांच्यासाठी तीव्रची रेषा ७ ला आहे.

आपल्याकडे हा विषय घराघरातला आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. यातले बहुसंख्य सौम्य ते मध्यम. तीव्र थोडे असतात, पण हृदयाचा प्रश्न त्यांच्यातच येतो.

हिमोग्लोबिन उतरायला लागलं की हृदय लगेच जोरात धावायला लागतं का?

नाही. शरीर आधी स्वस्तातले उपाय करतं.

पहिला उपाय खुद्द तांबड्या पेशीच्या आत होतो. त्या पेशीत २,३-डीपीजी नावाचा एक पदार्थ असतो. रक्त कमी व्हायला लागलं की त्याचं प्रमाण वाढतं. तो हिमोग्लोबिनला चिकटतो आणि त्याची ऑक्सिजनवरची पकड ढिली करतो. फुफ्फुसात ऑक्सिजनचा दाब भरपूर असल्यामुळे तिथे भरताना फारसं अडत नाही, पण स्नायूत किंवा मेंदूत पोहोचल्यावर तीच पेशी जास्त ऑक्सिजन सोडून देते. या पदार्थाचं हे काम १९६७ मध्ये उजेडात आलं. मला ही व्यवस्था फार विलक्षण वाटते. गाड्या कमी झाल्या म्हणून प्रत्येक गाडीने जास्त माल उतरवायला सुरुवात करावी, तसं आहे हे. यात हृदयाला एकही ठोका जास्त द्यावा लागत नाही.

म्हणूनच हिमोग्लोबिन ९ किंवा १० असलेली बाई घरातलं सगळं करते, आणि फक्त जिना चढताना किंवा पाण्याचा हंडा उचलताना तिला दम लागतो. बसल्या जागी हृदयाचं काम वाढायला साधारणपणे हिमोग्लोबिन ७ च्या खाली जावं लागतं. हे मोजून पाहिलं गेलं १९४५ मध्ये, अमेरिकेतल्या अटलांटा इथे. हृदयात नळी घालून रक्ताचा प्रवाह मोजण्याचं तंत्र तेव्हा नवं होतं, आणि जुन्या रक्तक्षयाचे रुग्ण त्या तंत्राने तपासले गेले. सातची ही रेषा माणसागणिक थोडी इकडेतिकडे होते, पण व्यवहारात ती आजही उपयोगी पडते.

"रक्त पातळ झालं" म्हणतात, ते खरं आहे का?

शब्दशः खरं आहे. फक्त हृदयविकारात देतात त्या 'रक्त पातळ करायच्या गोळ्यां'शी याचा काही संबंध नाही. त्या गोळ्या गुठळी होऊ देत नाहीत. रक्ताचा दाटपणा त्या बदलत नाहीत.

रक्ताचा दाटपणा मुख्यतः तांबड्या पेशींमुळे असतो. निरोगी रक्त पाण्यापेक्षा तीन-चार पट दाट असतं. पेशी तिसऱ्या हिश्शावर आल्या की हा दाटपणा दुपटीच्या आसपास उतरतो. घट्ट पिठलं आणि पातळ कढी एकाच पळीतून ओतून पाहा, काय होतं ते लगेच लक्षात येईल. पातळ रक्त रक्तवाहिन्यांतून कमी अडथळ्याने सरकतं, शिरांमधून हृदयाकडे लवकर परत येतं, आणि हृदयालाही ते पुढे ढकलायला कमी जोर लागतो.

त्यात रक्तवाहिन्याही रुंदावतात. पेशींना ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या बारीक धमन्या सैल पडतात. आणखी एक कारण आहे. रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं आणि तो धमन्या सैल ठेवतो. हिमोग्लोबिन हा वायू शोषून घेतं. हिमोग्लोबिनच कमी असेल तर तो जास्त शिल्लक राहतो आणि धमन्या आणखी उघडतात.

बीपीच्या यंत्रावर हे दिसतं. वरचा आकडा ठीकठाक, खालचा बराच उतरलेला, उदाहरणार्थ ११० आणि ५०. अशक्तपणा आला की आपल्याकडे सरसकट "बीपी लो झालं" म्हणतात आणि मीठ-साखरेचं पाणी देतात. तीव्र रक्तक्षयात ते मिठाचं पाणी उलट नुकसान करतं. का, ते पुढे सुजेच्या प्रश्नात येईल.

मग हृदय नेमकं काय करतं?

दोन गोष्टी. दर ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकतं आणि ठोके वाढवतं.

रक्तक्षय हळूहळू मुरलेला असेल तर पहिल्या गोष्टीवर भर असतो. परत येणारं रक्त वाढल्यामुळे डावा कप्पा प्रत्येक वेळी जास्त भरतो, जास्त ताणला जातो आणि ताणला गेला की जास्त जोराने आकुंचन पावतो. वर्षानुवर्षं हे चाललं की कप्पा मोठा होतो आणि भिंतीही थोड्या जाडावतात. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, तो 'वाढलेला' दिसतो आणि नातेवाईक घाबरतात. ही वाढ ओझ्यामुळे आलेली असते. वजन उचलणाऱ्याच्या दंडाला जशी गोलाई येते, तशी. ओझं उतरल्यावर ती बऱ्याच अंशी ओसरते.

ठोके मात्र सगळ्यांचे फार वाढतातच असं नाही. त्या खळ्यावरच्या बाईची नाडी बसलेली असताना १०४ होती. तीव्र रक्तक्षयात ९० सुद्धा पाहिली आहे. त्यामुळे नाडी फार जलद नाही म्हणून धोका नाही, असं समजू नये.

मानेत ठोके उडताना दिसतात आणि रात्री कुशीवर झोपलं की कानात धडधड ऐकू येते. हे यामुळेच का?

बहुधा हो. मोठा ठोका, रुंद धमन्या आणि खालचं बीपी कमी, या तिन्हींमुळे नाडी उसळी मारते आणि तेवढ्याच झटक्याने खाली पडते. मनगटावर बोट ठेवलं की ती बोटाला टोचल्यासारखी लागते. मानेच्या दोन्ही बाजूंना धमनी डोळ्यांनी उडताना दिसते. नखाचं टोक हलकेच दाबलं तर नखाखालचा फिकट गुलाबी रंग प्रत्येक ठोक्यागणिक येतो-जातो.

मानेच्या उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर, स्टेथोस्कोप ठेवला की कधीकधी एक अखंड घुमणारा आवाज येतो. दूरवर भुंगा फिरत असावा तसा. जबड्याखालची शीर बोटाने हलकी दाबली की तो एकदम थांबतो, बोट काढलं की पुन्हा सुरू होतो. शिरेतून वेगाने वाहणाऱ्या पातळ रक्ताचा तो आवाज. शिकत असताना मी तो पहिल्यांदा ऐकला आणि बराच वेळ बोट दाबत-सोडत राहिलो. रक्त कमी असलेल्या शरीरात किती घाई चालू असते, ते त्या आवाजाने मला जितकं समजलं तितकं पुस्तकाने समजलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले हृदयात मर्मर आहे. झडप खराब झाली का?

मर्मर म्हणजे ठोक्यांच्या मध्ये ऐकू येणारा जादा आवाज. रक्तक्षयातला मर्मर बहुतेक वेळा निव्वळ प्रवाहाचा असतो. पातळ रक्त निरोगी झडपेतूनही जोरात गेलं की खळखळतं. हिमोग्लोबिन सुधारल्यावर तो नाहीसा होतो. तोवर एकदा टूडी इको करून घ्यावा, कारण लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन झडप खरोखरच बिघडलेली माणसं आपल्या भागात अजून भेटतात, आणि झडप बिघडलेल्या हृदयाला रक्तक्षयाचं ओझं फार लवकर असह्य होतं.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दाखवतं. मग ऑक्सिजन कमी कसा?

कोरोनाच्या काळात ते यंत्र घरोघरी आलं, तेव्हापासून हा प्रश्न फार वाढला.

ऑक्सिमीटर एवढंच सांगतो की जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के भरलेलं आहे. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, ते त्याला कळत नाही. दहा डब्यांची गाडी असो की तीन डब्यांची, सगळी आसनं भरली असली की दोन्हीकडे 'शंभर टक्के भरली' असंच उत्तर येणार. प्रवासी किती पोहोचले, हा वेगळा प्रश्न. म्हणून तीव्र रक्तक्षयात ९८ किंवा ९९ बघून निश्चिंत राहू नका.

ओठ निळे का पडत नाहीत, त्याचंही उत्तर इथेच आहे. निळसरपणा दिसायला दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण पाच ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असावं लागतं. ज्याचं एकूणच चार आहे, त्याचे ओठ निळे पडूच शकत नाहीत. ते पांढरे पडतात.

ऑक्सिमीटर ९८ असताना दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क का लावतात?

थोडा ऑक्सिजन रक्तद्रवात, म्हणजे पेशी सोडून रक्ताचा जो पातळ भाग उरतो त्यात, नुसता विरघळूनही जातो. निरोगी माणसात तो इतका नगण्य असतो की कोणी मोजत नाही. पण शुद्ध ऑक्सिजन दिला तर दर १०० मिलिलिटर रक्तात दीड ते दोन मिलिलिटरची भर पडू शकते, आणि जिथे एकूण साठा पाच-साडेपाच मिलिलिटर आहे तिथे ही भर मोठी ठरते. साध्या मास्कने पूर्ण शुद्ध ऑक्सिजन मिळत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातली भर याहून कमी असते. रक्ताची पिशवी येईपर्यंतचा वेळ भागवायला तीही उपयोगी पडते.

चेहरा आणि तळवे पांढरे का पडतात? फक्त रक्त कमी म्हणून?

तेही एक कारण, पण त्यासोबत शरीर रक्ताची वाटणीही बदलतं. त्वचेकडे जाणारं रक्त आटवून ते मेंदू आणि हृदयाकडे वळवलं जातं. हात गार पडतात, ते याच वाटणीमुळे. घरी पाहायचं असेल तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहा, आणि तळहात पूर्ण उघडून त्यावरच्या रेषा पाहा. बाकी तळव्याबरोबर रेषाही पांढऱ्या पडल्या असतील तर हिमोग्लोबिन सहसा ७ च्या खाली असतं. पण तपासणीला हा पर्याय नाही.

मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही कमी केला जातो. एरवी हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा तिकडे जातो आणि मूत्रपिंड त्यातला थोडाच ऑक्सिजन वापरतं, म्हणून तिथून काढून घेणं परवडतं. त्याच मूत्रपिंडात ऑक्सिजनची कमतरता ओळखणाऱ्या पेशी आहेत. त्या एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि अस्थिमज्जेला नव्या तांबड्या पेशी बनवायला लावतात. पेशी ही कमतरता ओळखतात कशी, त्याचा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. मात्र निरोप कितीही गेले तरी मज्जेत लोह नसेल किंवा फॉलिक ॲसिड, बी-१२ नसेल, तर नव्या पेशी येणार कुठून? कारण शोधल्याशिवाय उपचार होत नाही, तो यामुळे.

पाय सुजले, म्हणजे हृदय फेल झालं का?

याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण इथेच चुकीचे उपचार सगळ्यात जास्त होतात.

हृदय नेहमीपेक्षा जास्त रक्त फिरवतंय आणि तरीही पायांवर सूज, हे वरवर विसंगत वाटतं. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये अतिशय तीव्र रक्तक्षय आणि सूज असलेल्या मोजक्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यातून हे कोडं बरंच सुटलं. त्या रुग्णांचं हृदय भरपूर रक्त फिरवत होतं, पण धमन्या इतक्या सैल पडल्या होत्या की दाब खाली गेला होता. दाब पडला की शरीर समजतं की रक्तच कमी पडलंय. मग ते मीठ-पाणी धरून ठेवणारी सगळी संप्रेरकं सोडतं. मूत्रपिंड मीठ आणि पाणी बाहेर टाकत नाही. तेच पाणी पायांत, पोटात आणि शेवटी फुफ्फुसांत उतरतं.

म्हणजे सूज आली म्हणून हृदयाचा स्नायू मेला, असा अर्थ होत नाही. पण भरपाईची मर्यादा आता संपत आली आहे, हा अर्थ नक्की होतो. उताणं झोपल्यावर धाप लागते, उशा वाढवाव्या लागतात, रात्री उठून बसावं लागतं, खोकल्यातून फेस येतो, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जा. हिमोग्लोबिन ५ च्या खाली गेलं की ही वेळ कधीही येऊ शकते.

ताकद येण्यासाठी दोन बाटल्या सलाईन लावून घेतलं तर?

कृपा करून लावून घेऊ नका. तीव्र रक्तक्षयात रक्तद्रव आधीच वाढलेला असतो. सलाईन म्हणजे मीठ आणि पाणी, आणि शरीराने नेमकं तेच आधी साठवून ठेवलेलं आहे. एका बाटलीने रक्त आणखी पातळ होतं आणि हृदयावरचं ओझं वाढतं. त्या खळ्यावरच्या बाईला आमच्याकडे येण्याच्या आदल्या दिवशी कुठेतरी सलाईन लावलं होतं, आणि त्याच रात्री तिला पहिल्यांदा बसून झोपावं लागलं होतं. यात तिची काहीच चूक नव्हती. अशक्तपणावर सलाईन, हे आपणच इतकी वर्षं लोकांच्या मनात बसवलं आहे.

वडिलांचं वय ७०, हिमोग्लोबिन ७.५, छातीत दुखतं. तरुणांना एवढ्यात काही होत नाही, मग त्यांना का?

इतर अवयव रक्तातला पाव हिस्सा ऑक्सिजन घेतात, पण हृदयाचा स्नायू एरवीच ७० टक्क्यांच्या आसपास काढून घेतो. म्हणजे जास्त काढून घेण्याचा उपाय त्याच्यापुरता जवळजवळ बंद आहे. त्याला फक्त रक्ताचा प्रवाह वाढवून मिळू शकतो. तरुणाच्या मोकळ्या हृदयधमन्या रुंदावून तो देतात. वडिलांच्या धमन्यांत अडथळे असतील तर त्या रुंदावू शकत नाहीत.

शिवाय हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत पोहोचतं. ठोके वाढले की ही विश्रांती आखडते. त्यात खालचं बीपी उतरलेलं. काम वाढलं आणि पुरवठा घटला, अशी दुहेरी अडचण.

आणखी एक. बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद ठेवणारी गोळी, चालू असेल तर ठोके वाढवण्याची वाटही अडते. गोळी मनाने बंद करू नका, पण आपण ती घेतो हे डॉक्टरांना सांगा. उतारवयातल्या पुरुषाला रक्तक्षय झाला तर पोटातून किंवा आतड्यातून कुठे रक्त जातंय का, ते पाहिलंच पाहिजे. नुसत्या लोहाच्या गोळ्या सुरू करून भागत नाही.

अपघातात रक्त गेल्यावर हिमोग्लोबिन ७ असलेला माणूस बेशुद्ध पडतो. मग ४ वाली बाई कशी चालते?

कारण अपघातात रक्त *एकूणच* कमी होतं. हृदयाकडे परत यायलाच काही नसतं, त्यामुळे ते ठोका मोठा करू शकत नाही. जुन्या रक्तक्षयात पेशी कमी असल्या तरी रक्तद्रव वाढून एकूण रक्त जवळपास तेवढंच राहिलेलं असतं, आणि २,३-डीपीजीसारख्या सोयी व्हायला वेळ मिळालेला असतो.

१९९८ मध्ये अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांचं रक्त काढून, तेवढाच द्रव परत भरून, हिमोग्लोबिन ५ पर्यंत उतरवण्यात आलं. पडून असताना त्यांनी ते सहन केलं. पण पुढच्या चाचण्यांत दिसलं की पाच-सहाच्या आसपास विचारांचा वेग आणि स्मरण किंचित मंदावतं. "आई हल्ली विसरते, चिडते" असं मुलं सांगतात, त्यातलं काही यामुळे असू शकतं.

गरोदरपणात हे जास्त धोक्याचं का?

गरोदरपणात हृदयाचं काम मुळातच ३० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं. त्यावर तीव्र रक्तक्षयाचं काम येऊन पडतं. सगळ्यात नाजूक वेळ बाळंतपणानंतरची. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भपिशवी आकसते आणि तिच्यातलं रक्त एकदम मुख्य प्रवाहात येतं. दमलेल्या हृदयाला हा लोंढा झेपला नाही तर काही मिनिटांत फुफ्फुसांत पाणी भरतं. आणि दुसऱ्या बाजूला, एरवी निभावून जाईल इतका साधा रक्तस्रावसुद्धा हिमोग्लोबिन ५ असलेल्या बाळंतिणीचा जीव घेऊ शकतो.

म्हणून आशाताई देतात त्या लाल गोळ्या टाळू नका. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक. चहासोबत घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. शौच काळी होते, त्याने बिघडत नाही.

आणि सगळा रक्तक्षय लोहाचाच असतो असंही नाही. हे जगाला कळलं त्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. लूसी विल्स ही इंग्रज संशोधक १९२८ मध्ये मुंबईत आली आणि गिरणीकामगार गरोदर बायकांतला एक वेगळाच, मोठमोठ्या पेशींचा रक्तक्षय तिने अभ्यासला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये मांडलं. त्या अर्कातला घटक म्हणजे आजचं फॉलिक ॲसिड.

सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन कायम ८ असतं. त्यालाही रक्त चढवावं का?

नुसत्या आकड्यावरून नाही. सिकलसेल हा तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार आहे. सिकलचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडतं, त्यामुळे ७ ते ९ वर अनेक जण स्थिर राहतात. उलट रक्त चढवून १० च्या वर नेलं तर ते दाट होऊन बारीक वाहिन्या तुंबण्याची भीती असते. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या घरांनी आपल्या रुग्णाचा नेहमीचा आकडा कार्डावर लिहून जवळ ठेवावा. नव्या डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

रक्त एवढं कमी आहे, तर एकदम चार पिशव्या का चढवत नाहीत?

कारण हृदयाची टाकी काठोकाठ भरलेली आहे. आणखी चार पिशव्या ओतल्या तर ती फुफ्फुसांत सांडेल. तांबड्या पेशींची एक पिशवी हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढवते. म्हणून एक पिशवी, तीही संथ, तीन-चार तास. चार तासांपेक्षा जास्त वेळ लटकवून ठेवता येत नाही, जंतू वाढायचा धोका असतो. गरजेप्रमाणे लघवी होण्याचं इंजेक्शन. मध्ये नाडी, श्वास, फुफ्फुसांचे आवाज पाहत राहायचं. मग दुसरी. नातेवाईकांना वाटतं डॉक्टर वेळ काढतात. त्या वेळात रुग्णाला धाप वाढली, खोकला सुरू झाला, तर नर्सबाईंना लगेच हाक मारणं हे तुमचं काम.

पहिली पिशवी लावण्याआधी लोह, बी-१२, फॉलिक ॲसिड आणि पेशींच्या तपासणीसाठी रक्त काढून ठेवायला सांगा. दुसऱ्याचं रक्त मिसळल्यावर कारण शोधणं अवघड होतं.

प्रत्येकाला पिशवी लागतेच असंही नाही. हिमोग्लोबिन ६.५ असेल, धाप नसेल, हृदय ठणठणीत असेल आणि बाई गरोदर नसेल, तर शिरेतून लोह देऊनही काम होतं. मी शक्य तिथे तेच करतो.

हृदय पूर्वीसारखं होतं का? किती दिवसांत?

बहुतेकांचं होतं. उसळणारी नाडी आणि कानातली धडधड सगळ्यात आधी शांत होतात. अस्थिमज्जा पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत जागी होते, तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण दोन ग्रॅमने चढतं. वाढलेला कप्पा आकसायला काही महिने लागतात. ज्यांना आधीपासून हृदयाचा दुसरा आजार आहे किंवा ज्यांनी फार वर्षं अंगावर काढलं, त्यांच्यात थोडा फरक मागे राहू शकतो.

खळ्यावरच्या त्या बाईला दोन दिवसांत दोन पिशव्या दिल्या, मग शिरेतून लोह. सोनोग्राफीत गर्भपिशवीत गाठी निघाल्या, त्यांचा इलाज झाला. पाच महिन्यांनी आली तेव्हा हिमोग्लोबिन ११.८, नाडी ७६, मानेतला तो घुमणारा आवाज गायब. पायांत चपलांचे पट्टे पुन्हा नीट बसायला लागले, हे तिने स्वतःहून दाखवलं.

हिमोग्लोबिन १२ झालं. आता गोळ्या बंद?

अजून तीन महिने चालू ठेवा. रक्तात लोह आलं, तरी साठ्यात अजून भरायचं आहे. आणि पाळीत पुन्हा जास्त जायला लागलं, तर तीन वर्षं थांबू नका. त्याच महिन्यात या.